खांब काढल्यानंतरची हजेरी

सोमवार, दिनांक ९ जानेवारी १८६५. सकाळी साडेदहा वाजता हिवरगव्हाणच्या शाळेत हजेरी झाली. पटावर एकशे एकवीस मुले होती. त्यांपैकी एकशे अठरा हजर म्हणून मांडली गेली. त्याच वेळी त्या मुलांच्या डोक्यावर, माडीवर, सरकी काढलेल्या रुईची दोनशे बारा डोकडी रचलेली होती. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना एकेक लटकावता येईल एवढ्या गाठोड्याला डोकडे म्हणत, आणि एका डोकड्याचे वजन सुमारे दीड पक्का मण भरे.

हजेरीनंतर तिसऱ्या इयत्तेचे शिक्षक उद्धवराव यांनी नेहमीप्रमाणे फळा ओढून वर्गापुढे आणायला घेतला. फळा उंच लाकडी चौकटीत बसवलेला होता. शाळेच्या एकुलत्या एक लांब खोलीच्या मधोमध आडवी तुळई होती. तिच्याखालून फळा रोज जाई तेव्हा चौकटीच्या माथ्यावर दोन बोटांची फट उरे. त्या दिवशी तो तुळईखाली आला आणि अडकला. उद्धवरावांनी थोडा जोर लावला. वरून लाकडाचा बारीक भुसा त्यांच्या पागोट्यावर पडला. त्यांनी फळा हळूच मागे घेतला आणि मुलांना सांगितले, "आज फळा तिथूनच पाहायचा."

खोलीच्या पश्चिम टोकाला, दाराजवळच्या चौथऱ्यावर, हेडमास्तर कमलाकांतपंत बसले होते. त्यांनी मान वर केली, फळ्याकडे पाहिले, उद्धवरावांकडे पाहिले आणि मान पुन्हा खाली घातली. तुळई खाली आली आहे याची भीती उद्धवरावांना मागाहून वाटली. आधी वाटली ती त्या नजरेची.

हिवरगव्हाण हे अकोल्याहून अमरावतीकडे जाणाऱ्या गाडीरस्त्यावरचे बाजाराचे गाव. शाळा किसनराव नावाच्या व्यापाऱ्याच्या दुमजली घरात, खालच्या मजल्यावर भरे. वरच्या मजल्यावर पूर्वी थोडी ज्वारी आणि तूर असे. अमेरिकेतल्या लढाईमुळे विलायतेच्या गिरण्यांनी वऱ्हाडच्या कापसाकडे तोंड वळवले, तेव्हापासून तिथे रुई येऊ लागली. त्या हिवाळ्यात लढाई मिटणार अशी आवई उठली. अमरावतीचा भाव खाली आला. भाव पुन्हा चढेपर्यंत माल विकायचा नाही असे किसनरावांनी ठरवले, आणि माडी भरत गेली.

कमलाकांतपंत मागच्या जूनमध्ये पुण्याहून आले होते. त्यांच्या आधीचे हेडमास्तर दर शनिवारी तिन्ही शिक्षकांना घेऊन ओट्यावर बसत आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत: या आठवड्यात तुम्हाला काय शिकवता आले नाही? पहिल्यांदा सर्वांना संकोच वाटे. पुढे पुढे शिक्षक आपणहून सांगू लागले. भागाकार कोणाला समजावता येत नव्हता, तो दुसऱ्याने समजावून दिला. परंतु त्या हेडमास्तरांच्या काळात हजेरी ऐंशीच्या वर कधी गेली नाही, कारण कापसाच्या वेचणीच्या दिवसांत मुले शेतात जात आणि शिक्षक ती गैरहजर मांडत. वरून ठपका आला. हेडमास्तरांची बदली झाली.

पंतांना हजेरी वाढवण्यासाठीच पाठवले होते, आणि त्यांनी ती वाढवली. त्यांनी एक वही बांधून घेतली. शिक्षकाची चूक दिसली की तिच्यात तारखेनिशी शेरा. तीन शेरे झाले की शिक्षकाला कमी करण्याची शिफारस अकोल्याला जाई. सप्टेंबरात पहिलीचे शिक्षक असेच गेले. त्यांची जागा दिवाळीपर्यंत रिकामी होती. सात महिन्यांत वहीत सात शेरे झाले होते. पंत कोणावर ओरडत नसत. लिहिताना ते शेरा वाचूनही दाखवत नसत. टाकाचा आवाज तेवढा खोलीभर ऐकू येई.

चौथऱ्यावर बसल्या जागेवरून प्रत्येक शिक्षकाचे तोंड दिसले पाहिजे, असा त्यांचा नियम होता. तुळईच्या मध्याखाली एक सागवानी खांब होता, आणि त्या खांबाआड तिसरीचा शिक्षक अर्धा झाकला जाई. जुलै महिन्यात पंतांनी सुतार बोलावून तो खांब काढून टाकला. त्या दिवशी उद्धवरावांनी एवढेच विचारले होते, "चौदा हातांची तुळई नुसत्या दोन भिंतींवर राहील ना?" तो त्यांचा पहिला शेरा: शिक्षकाने आपल्या विषयापलीकडे बोलू नये. दुसरा नोव्हेंबरातला. वेचणी सुरू झाली होती, आणि त्यांनी अकरा मुले खरोखर गैरहजर होती ती गैरहजर मांडली. त्यानंतर तेही इतरांसारखे करू लागले. शेतात गेलेल्या मुलाच्या नावापुढे हजेरीची खूण पडू लागली, आणि पंत दररोज बेरजेखाली सही करू लागले.

उद्धवरावांना जमीन नव्हती. बायको गोदावरी, तीन मुले आणि ही नोकरी, एवढाच त्यांचा संसार.

मधल्या सुट्टीत खोली रिकामी झाल्यावर त्यांनी दोन भिंतींच्या दरम्यान, तुळईच्या टोकांच्या पातळीत, दोरा ताणून बांधला आणि मध्यावर दोरा व तुळई यांतले अंतर मोजले. तुळई मधोमध दोन अंगुळे आणि तीन जव खाली आली होती; अंगूळ म्हणजे बोटाची रुंदी, आणि तिचे आठ जव. दोरा सोडून खिशात घालताना त्यांच्यामागे पाऊल वाजले. दुसरीचे शिक्षक उत्तमराव दारात उभे होते. उत्तमराव त्याच गावचे, पन्नाशीचे, आणि पंत समोर नसले की मोकळे बोलणारे.

"मोजून झालं?" उत्तमरावांनी विचारले. "किती?"

"दोन अंगुळं तीन जव. तुम्हाला ठाऊक होतं?"

"पंधरा दिवसांपासून माही पोरं भिंतीकडे सरकवून राहिलो मी. पंतांनी इचारलं, काहून सरकवता? म्हटलं, दुपारून डोळ्यांवर ऊन येते. पूर्वेच्या खिडकीतून दुपारून ऊन कसं येईन, हे पुण्याच्या माणसाले कोन सांगंन."

"मग हे बोलला का नाहीत?"

"तुमी बोलले होते ना जुलैत. काय भेटलं? शेरा भेटला." उत्तमरावांनी बाहेर डोकावून आवाज खाली आणला. "माहे दोन झाले, तुमचेबी दोन. आता जो बोलंन त्याचा तिसरा. तुमी तरणे हा, तुमी बोला. मी मागून टाळ्या वाजवतो."

"टाळ्या या तुळईखाली उभं राहून वाजवू नका."

उत्तमराव हसले नाहीत. कोपऱ्यात मनकर्णाबाई केरसुणी घेऊन उभ्या होत्या. शाळा झाडण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यांनी सर्व ऐकले होते हे दोघांनाही तेव्हाच कळले.

"मास्तर, तिसरीच्या जागेवर रोज सकाळी भुसा पडलेला असते," त्या म्हणाल्या. "जागा घाण दिसली तं चाकरी जाईन, असं पंतांनी बजावलं हाय. म्हून शाळा भरायच्या आंधी समदा भुसा उचलून मागच्या कोरड्या आडात टाकाव लागते मले."

"किती दिवसांपासून?"

"दिवाळीपासून."

भुसा कुठून येतो ते तिघांपैकी एकाला ठाऊक नव्हते, तुळई किती वाकली ते दुसऱ्याने मोजले नव्हते, आणि कोण कशाला भिऊन गप्प आहे हे मात्र प्रत्येकाला पक्के ठाऊक होते. घंटा झाली.

मंगळवारी सकाळी मोजमाप दोन अंगुळे पाच जव आले. एका रात्रीत दोन जव. गुरुवारी अकोल्याहून तपासणीचे साहेब यायचे होते, म्हणून पंतांनी दिवसभर मुलांना जागेवर बसण्याचा सराव दिला. प्रत्येक मुलाची जागा जमिनीवर चुन्याच्या आकड्याने ठरलेली होती आणि त्या आकड्यांचा नकाशा पंतांच्या मेजावर होता. आकडा सोडून बसलेले मूल त्यांना मान वर न करता कळे. दुपारी चारच्या सुमारास किसनरावांच्या गाड्या आल्या आणि माणसे पाठीवर डोकडी घेऊन बाहेरच्या जिन्याने वर चढू लागली. उद्धवरावांनी कवायत घेता घेता पावले मोजली. चाळीस डोकडी वर गेली.

शाळा सुटताच ते सुताराकडे गेले. नत्थुजी अंगणात बैलगाडीचा आस तासत होता. त्या दिवसांत गाड्यांची एवढी मागणी होती की त्याचा तासणीचा वाकस दिवसभर थांबत नसे.

"नत्थुजी, शाळेतला मधला खांब तुम्हीच काढलात ना?"

"मीच काढला. पंतांनी सांगतलं, काढला. काहून?"

"वरची तुळई सलग आहे ना?"

वाकस थांबला. नत्थुजीने तो आसावर ठेवला आणि हात धोतराला पुसले.

"मास्तर, एवढा लांब सरळ सोट कुठून आनता? सेमाडोहाच्या रानातून सागवान येते, थे गाडीत मावंन तेवढंच. माह्या बापानं घर बांधलं तवा दोन तुकडे जोडले. जोड बरोबर खांबाच्या डोक्यावर होता."

"मला तर जोड दिसला नाही."

"कसा दिसंन? खांब काढला, पर डोक्यावरची आडवी लाकडी उशी तशीच तुळईले ठोकून ठेवली. पंत म्हनले, तिथं भोक दिसाले नको. दोन लोखंडी पट्ट्या हायत आन सोळा खिळे. समदी माडी आज त्या सोळा खिळ्यांवर हाय."

"हे तुम्ही पंतांना सांगितलंत?"

"सांगाले गेलो होतो. म्हनले, काम दिलं तेवढं कर, तुह्या अकलेचं काम नाही." नत्थुजीने जमिनीकडे पाहिले. "मंग नाही सांगतलं. राग आला होता मले. आता सांगून काय करू, म्हनतीन तूच बिघडवून ठेवली तुळई."

"टेकू देता येईल?"

"माह्याजवळ दोन सोट हायत. दोन घटकांचं काम. पर पंतांचा हुकूम आना, मास्तर. बिनहुकमानं आत पाय ठेवून ठोकाठाकी केली आन काही झालं, तं दोष माह्याच गळ्यात पडंन. उद्या सकाळी हुकूम आना. मी औजारं भरून दारात उभा राह्यतो."

घरी गोदावरीबाईंनी विचारले, "जेवत का नाही?" उद्धवराव म्हणाले, "उद्या पंतांशी बोलायचं आहे." दोन शेऱ्यांचे गोदावरीबाईंनाही ठाऊक होते. त्यांनी फक्त धाकट्या मुलीला मांडीवर घेतले आणि ती झोपली तरी खाली ठेवली नाही.

बुधवारी, ११ तारखेला, उद्धवराव साडेनऊलाच शाळेत आले. दोरा ताणला. तीन अंगुळे सहा जव. मंगळवारच्या चाळीस डोकड्यांनी एका रात्रीत अंगुळाहून अधिक काम केले होते. तुळईला ठोकलेल्या उशीच्या कडेला, पूर्वी नव्हती अशी, नख शिरेल एवढी फट पडली होती. बाहेर नत्थुजी दोन सोट आणि औजारांची पिशवी घेऊन वडाच्या सावलीत बसला होता.

दहा वाजता पंत आले. उद्धवराव त्यांच्या मेजापुढे जाऊन उभे राहिले.

"या, उद्धवराव," पंत म्हणाले. त्यांच्यापुढे अकोल्याचे पत्र उघडे होते. ते पत्र त्यांनी किती वेळा वाचले होते हे त्याच्या घड्यांवरून दिसत होते. "उद्या साहेब येतील. गेल्या खेपेच्या हेडमास्तरांचं काय झालं ते त्यांनी या पत्रात पुन्हा एकदा लिहिलं आहे. मला आठवण राहावी म्हणून. बोला."

"जरा शाळेसंबंधी सांगायचं होतं."

"शाळेसंबंधी असेल तर लिहून घेऊ." पंतांनी वही जवळ ओढली. टाक शाईत बुडवला. "हं."

उद्धवरावांनी सर्व वाक्ये मनात बांधून आणली होती. तुळई दोन तुकड्यांची आहे, जोडाखालचा खांब आपण काढला आहे, सुतार दारात आहे. ही तीन विधाने होती. त्यांतले मधले विधान पंतांच्या तोंडावर करायचे होते. टाकाच्या टोकाला शाईचा थेंब जमत होता. उद्धवराव त्या थेंबाकडे पाहत राहिले.

"तिसरीची शाई संपत आली आहे," ते म्हणाले.

"मनकर्णाबाईंना सांगा." पंतांनी टाक पुसून ठेवला.

बाहेर नत्थुजीने भुवया उंचावल्या. उद्धवरावांनी नकारार्थी मान हलवली. नत्थुजी उठला नाही, गेलाही नाही.

साडेदहाला हजेरी झाली. दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे खरी मुले बसवावी लागणार होती, त्यासाठी घरोघर निरोप गेले होते. पण बुधवारचा दिवस वेचणीचा होता. उद्धवरावांच्या वर्गात तीस मुले होती, त्यांनी चौतीस मांडली. उत्तमरावांनी अडतीस मांडली. पहिलीचे शिक्षक भगवंतराव हे एकवीस वर्षांचे, दिवाळीनंतर लागलेले. त्यांचा अजून एकही शेरा नव्हता आणि तो होऊ नये म्हणून ते पंतांच्या आधी अर्धा तास येत. त्यांनी सेहेचाळीस मांडली. बेरीज एकशे अठरा. पंतांनी सही केली.

अकराला तालीम सुरू झाली. पंतांनी सांगितले की, साहेब येतील तेव्हा तिन्ही इयत्ता खोलीच्या मध्याकडे तोंड करून बसतील आणि एकसुरात पाढे म्हणतील. उत्तमरावांची भिंतीकडे सरकवलेली मुलेही त्यामुळे मध्याकडे आली. उत्तमरावांनी एकदा उद्धवरावांकडे पाहिले. उद्धवराव तुळईखाली उभे होते. त्यांच्या दोन्ही बाजूंना, हाताच्या अंतरावर, मुले मांडी घालून बसली होती.

एकोणिसाच्या पाढ्यापर्यंत काही झाले नाही. मग वरून रुईचा एक पुंजका तरंगत खाली आला आणि एका मुलाच्या टोपीवर बसला. शेजारच्याने फुंकर मारून तो उडवला. दुसरा आला. पाढा चालू होता, म्हणून लाकडाचा आवाज फक्त त्याच्या थेट खाली उभ्या असलेल्या माणसाला ऐकू आला. ओला दोर पिळताना होतो तसा, लांबलेला.

"पंत," उद्धवराव म्हणाले, "मुलं बाहेर काढायला हवीत."

पाढा थांबला. पंतांनी मान वर केली. "काय?"

"तुळई दोन तुकड्यांची आहे. खांब काढला तिथे जोड आहे. ती खाली येते आहे. मी सोमवारपासून मोजतो आहे."

"सोमवारपासून," पंत म्हणाले. "आणि तालमीच्या वेळी सांगता." त्यांनी वही उघडली. खोलीत एकशे दहा मुले होती, आणि टाकाचा आवाज सर्वांना ऐकू आला. पंतांनी लिहिणे संपवले, तारीख घातली, शाईवर वाळू टाकली.

तिसरा शेरा झाला होता. गेले सात महिने ज्या गोष्टीला उद्धवराव भीत होते ती घडून गेली होती. त्यांनी वळून, वर्गात शुद्धलेखन सांगावे तशा आवाजात सांगितले, "तिसरी, उठा. दारातून बाहेर. धावायचं नाही."

एकही मूल उठले नाही. घंटेवाचून उठायचे नाही हा नियम होता, आणि घंटा पंतांच्या मेजावर होती. मुले पंतांकडे पाहत होती.

"बसून राहा," पंत म्हणाले.

तेवढ्यात उत्तमराव पुढे झाले. "दुसरी, उठा रे. मनकर्णाबाई, मागचं दार उघडा." आणि पंतांकडे पाहून ते म्हणाले, "माहाबी तिसरा लिहून घ्या, पंत. सवडीनं."

मनकर्णाबाईंनी मागच्या दाराचा अडसर काढला. उद्धवरावांनी पहिल्या रांगेतल्या दोन मुलांना बगलेत धरून उभे केले आणि ढकलले. मग एकेक रांग हलली. पंत उभे राहिले होते. त्यांनी प्रथमच वर पाहिले. तुळई आणि तिला ठोकलेली उशी यांच्यामध्ये आता मनगट शिरेल एवढी फट होती आणि तिच्यात खिळे दिसत होते. पंतांचा हात घंटेवर गेला. त्यांनी ती वाजवली, आणि वाजवतच राहिले. भगवंतराव मुलांना हाकलत नेत होते. चिमुरडी मुले शिकवल्याप्रमाणे एकामागे एक चालत होती, कारण धावले तर मार बसे. पंतांनी चौथऱ्यावरून उतरून त्यांना दंडाला धरून दाराबाहेर टाकायला सुरुवात केली. शेवटी ते स्वतः हजेरीपट आणि जागांचा नकाशा घेऊन बाहेर आले.

अकरा वाजून सत्तावीस मिनिटांनी तुळई जोडावर मोडली. तिच्यावर टेकलेल्या दोन्ही बाजूंच्या आडव्या लाकडी कड्या निसटल्या आणि माडीची जमीन दोनशे बावन्न डोकड्यांसह खाली आली. आवाज वाटला होता तेवढा मोठा झाला नाही. बराचसा रुईने गिळला. खिडक्यांतून धूळ आणि कापूस एकदमच बाहेर आले.

रस्त्यावर गाडीवान, सुतार, बाजारातली माणसे धावून आली. पंतांनी मुलांना रांगेत उभे केले आणि हजेरी घेतली. आवाज त्यांनी नेहमीसारखाच ठेवला होता, आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवूनच ते पुढच्या नावाकडे जात होते. एकशे अठरा नावांपैकी नऊ नावांना उत्तर आले नाही.

"नऊ आत आहेत," पंत म्हणाले. त्यांनी नकाशा नत्थुजीपुढे धरला. "हे नऊ आकडे. या नऊ जागा."

बारा-तेरा माणसे होती. ती नऊ जागांवर विभागली. कुठे एक, कुठे दोन. उरलेल्या भिंती हलत होत्या. कापसाच्या डोकड्याखाली माणूस जखमेने मरत नाही, श्वास कोंडून मरतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

उद्धवराव चौथे डोकडे उचलताना थांबले. आपल्या वर्गातली चार नावे त्यांनी मनात पुन्हा म्हटली. ती चारही मुले सकाळपासून शेतात होती. आपण ज्यांना शोधतो आहोत ती इथे नाहीत हे त्यांना ठाऊक होते, आणि तरी इतका वेळ ते डोकडी उचलत होते.

ते बाहेर आले. "पंत, माझ्या वर्गातल्या चारही खुणा खोट्या आहेत. ती मुलं आलीच नव्हती."



"माह्या तीन," उत्तमराव ढिगाऱ्यावरून म्हणाले. "तिन्ही वेचनीले गेलीत."

नऊंतली सात नावे गळली. दोन उरली, दोन्ही पहिलीतली: सुपडू, जागा अकरा, आणि दौलत, जागा एकोणचाळीस. एक जागा पश्चिमेच्या भिंतीशी, दुसरी थेट मोडलेल्या तुळईखाली. पंत भगवंतरावांजवळ गेले.

"भगवंतराव, हे शेऱ्यासाठी विचारत नाही. बेरजेखाली सही माझी आहे. यांतलं एखादं नाव खोटं आहे का?"

भगवंतरावांनी पंतांच्या काखेतल्या पटाकडे पाहिले. "नाही," ते म्हणाले. "माझी हजेरी बरोबर आहे."

माणसे दोन भागांत वाटली गेली. तुळईखालची जागा अवघड, म्हणून तिथे नऊ जण. भिंतीशी चौघे, आणि त्या भिंतीचा वरचा भाग मध्येच ढासळला, तेव्हा त्या चौघांना थोडा वेळ मागे यावे लागले. तुळईखाली नत्थुजीने दोन्ही सोट टेकू म्हणून लावले. तुळई मोडल्याला अठ्ठावीस मिनिटे झाली.

बारा वाजायला पाच मिनिटे असताना पार्वताबाई रस्त्यावरून आल्या. लुगड्याच्या ओटीत वेचलेला कापूस तसाच भरलेला होता. शाळा पडल्याचे ऐकून त्या शेतातून उठून आल्या होत्या. त्यांच्या हाताला धरून एक मुलगा चालत होता.

"अवं, माह्या दौलतचं नाव घेऊन काहून खोदून राहिले?" त्या म्हणाल्या. "थो तं तीन दिवसांपासून माह्यासंगं हाय. मास्तरले सांगतलं होतं मी. मास्तर म्हनले, राहू द्या, खूण करतो."

कोणी भगवंतरावांकडे पाहिले नाही. ते रस्त्यात खाली बसले होते.

सगळी माणसे भिंतीकडे गेली. जागा अकरा मोकळी करायला तेराजणांना चौदा मिनिटे लागली. सुपडू भिंतीला पाठ लावून बसल्यासारखा होता. अंगावर जखम नव्हती. छातीशी पाटी धरलेली होती. पाटी टाकून जाणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दिवसभर उभे राहावे लागे. तो ती घ्यायला केव्हा मागे वळला हे कोणी पाहिले नव्हते. नत्थुजीने त्याच्या नाकाशी हात धरला, मग गालावर ठेवला.

"अजून कोमट हाय," तो म्हणाला. "आत्ताच गेला."

पंतांनी टाक मागितला. कोणीतरी आणून दिला. त्यांनी हजेरीपट गाडीच्या जुवावर टेकवला, एकशे अठरावर आडवी रेघ ओढली, आणि शिक्षकांकडून एकेक नाव विचारून नवीन बेरीज केली.

दिनांक ११ जानेवारी १८६५. हजर मुले एकशे दहा. घरी गेलेली एकशे नऊ.